दिवसाची लाइट

निवृत्त माणसाला दिवाळी अंकात लिहायला सांगितलं की त्यानं पहिल्या नेमणुकीपासून सुरुवात करून निरोप समारंभाच्या शाल-नारळापर्यंत यायचं असतं. मी तसं काही करणार नाही. माझी नोकरी सबस्टेशनात गेली. सबस्टेशनातला माणूस वर्षानुवर्षं एकाच खुर्चीत बसून असतो, त्याची कथा क्रमानं सांगितली तर वाचणाऱ्याला डुलकी लागेल. त्यामुळे एकच हकिगत सांगतो. आमच्या शिवारात शेतीला दिवसाची लाइट कशी आली, आणि आलेली लाइट आमच्याच लोकांच्या वागण्यानं जवळजवळ परत कशी निघाली होती.

आधी धंदा समजून घ्या. गावाबाहेर तारेच्या कुंपणात खांबांचं आणि तारांचं जे जंजाळ उभं असतं, ज्याच्या फाटकावर कवटीचं चित्र असतं, ते सबस्टेशन. मोठ्या लाइनीवरून आलेली वीज तिथं ट्रान्सफॉर्मरमधून खाली उतरते आणि फीडरांवर वाटली जाते. कालव्यातून पाट काढावेत तसे हे फीडर. एक गावठाणाचा, एक बाजाराचा, एक शेतीपंपांचा. प्रत्येकाला एक ब्रेकर असतो. तो लावला की पाट सुटला, पाडला की पाट बंद. ओढ फार झाली की ब्रेकर आपोआप पडतो, त्याला आम्ही ट्रिप म्हणतो. हे सगळं बघत बसणारा तो यंत्रचालक, म्हणजे मी. लोक मला ऑपरेटर म्हणायचे. रागावले की त्याहून बरंच काही म्हणायचे, ते या अंकात छापता येणार नाही.

शेतीच्या फीडरला दिवसरात्र वीज नसते, ठरावीक तासच असते. आमच्या शिवाराचे दोन भाग केलेले होते. एका भागाला काही दिवस दिवसा वीज, तेव्हा दुसऱ्याला रात्री, मग अदलाबदल. रात्रीच का? तर दिवसा शहरं, कारखाने आणि बाजार वीज ओढून घ्यायचे. रात्री ते झोपायचे, पण कोळशाची केंद्रं झोपत नाहीत. त्यांना चुलीसारखं चटकन विझवता येत नाही आणि चटकन पेटवताही येत नाही. मग ती उरलेली वीज शेतकऱ्याच्या पदरात टाकायची. कागदावर हिशोब एकदम चोख होता. ज्यानं तो मांडला तो कधी रात्री उसात उतरला नव्हता, एवढीच काय ती चूक.

आता जुन्नर-आंबेगावात रात्री उसात उतरायचं म्हणजे काय, हे इकडच्या माणसाला सांगावं लागत नाही. बाहेरच्यांसाठी सांगतो. आमच्याकडे बिबट्या जंगलात नसतो, उसात असतो. तिथंच त्याचा जन्म, तिथंच त्याचा संसार. गावात लग्नाची वरात निघाली तरी तो बांधावर बसून बघतो, असं आमचे लोक हसत सांगतात. पण बॅटरी घेऊन एकट्यानं पाण्यावर जायची वेळ आली की कुणी हसत नाही.

त्या एकट्यानं जाणाऱ्यांत सुनंदा वहिनी होत्या. नवरा चाकणला कंपनीत, सुट्टीला तेवढा घरी. घरात म्हातारी सासू. रानात कांदा आणि थोडा ऊस, आणि ते सगळं या बाईच्या एकटीच्या अंगावर. तिच्या कांद्याचा माल बाजारात उतरला की व्यापारी न बोलावता गोळा व्हायचे, इतकी तिच्या हाताला समज होती. रात्रीची पाळी असली की घरातून पाऊल टाकायच्या आधी तिचा सबस्टेशनला फोन यायचा.

"भाऊ, लाइट नक्की येनार ना? का मी निम्म्या वाटंवर गेल्यावर घालवताय?"

"वहिनी, लाइट काय माझ्या खिशात आहे का?"

"खिशात न्हाई, पन तुमच्या बोटावर हाय. बोट जरा नीट ठेवा."

मी चिडका माणूस. फोन ठेवला की स्वतःशीच पुटपुटायचो. पण तिच्या शिवाराचा ब्रेकर लावताना बोट खरंच नीट ठेवायचो.

एकदा बांधावर तिच्या बॅटरीच्या उजेडात दोन डोळे चमकले. ती जागची हलली नाही, तोही हलला नाही. मग त्यालाच काय वाटलं कोण जाणे, तो वळून उसात गेला. दुसऱ्या दिवशी मी मुद्दाम तिच्या घरी गेलो. वहिनी अंगणात बसल्या होत्या, चेहरा उतरलेला.

"त्यो गेला भाऊ, पन माझे पाय अजून तिथंच हायेत," त्या म्हणाल्या. "एवढा हंगाम काढते. पुढल्या सालीबी रात्रीचीच लाइट असंल तर रान वाट्यानं देते आन चाकणला खोलीवर जाते. घरच्यांना सांगून टाकलंय."

"आणि आत्या?" मी तिच्या सासूकडं बघून विचारलं.

"मी न्हाई जायची," म्हातारी उंबऱ्यावरनं ओरडली. "त्या खोलीत मला हातपाय पसरायला जागा तरी हाय का?"

मला फार वाईट वाटलं. ती बाई गेली असती तर शिवारातला एक चांगला शेतकरी गेला असता, आणि तो दुष्काळानं नाही, पावसानं नाही, तर आमच्या वेळापत्रकानं घालवला असता. घरी येऊन मी बायकोला हे सांगितलं. ती म्हणाली, "मग मला काय सांगताय? तुमच्या साहेबाला सांगा की." साहेबाला सांगून झालं होतं. साहेबही बिचारा वरच्याचाच नोकर.

मग वारं फिरलं, आणि ते मला आधी फोनवरूनच कळलं. आमच्या टेबलावर वरच्या कंट्रोलचा फोन असतो. पूर्वी दुपारी तो वाजला की पलीकडून एकच वाक्य यायचं, "लोड कमी करा." म्हणजे कुणाची तरी वीज घालवा. हळूहळू दुपारचे ते फोन कमी झाले. मग बंदच झाले. मग एक दिवस पलीकडचा माणूस म्हणाला, "दुपारी चालू ठेवा हो, जेवढं चालेल तेवढं चालू ठेवा." मी चकित होऊन रिसीव्हरकडं बघत राहिलो. राजस्थान-गुजरातच्या वाळवंटापासून आपल्या मराठवाड्याच्या माळापर्यंत सगळीकडे सोलरच्या प्लेटा उभ्या राहिल्या होत्या. भर दुपारी देशभर उन्हाची वीज होत होती. ज्या दुपारची आम्ही जन्मभर धास्ती घेतली ती दुपार सगळ्यात श्रीमंत झाली. संध्याकाळ मात्र अजून अवघड आहे, हेही खरं सांगायला पाहिजे. सूर्य मावळतो आणि त्याच वेळी घराघरांत दिवे, पंखे, टीव्ही लागतात, तेव्हा कंट्रोलवाल्यांच्या कपाळाला आजही घाम असतो. पण शेतीला संध्याकाळ कुठं लागते? शेतीला दिवस लागतो. आता देशाकडं दिवसाच जास्त वीज होती. हिशोब इतका साधा झाला होता की माझ्यासारख्यालाही कळला.

आमच्या शेती फीडरसाठी सबस्टेशनजवळच्या माळावर सोलर बसवायचं ठरलं. त्या माळाला सगळे हिंगणमाळ म्हणतात. आता या माळावर कुणाची मेंढरं चरायची? माझ्या सख्ख्या चुलतीची, ठकूकाकूची.

आमचं घराणं मेंढपाळांचं. मूळ डिंगोऱ्याकडचं. माझे आजोबा दिवाळी झाली की माळशेज उतरून मेंढरं कोकणात न्यायचे. वडिलांनी जमीन धरली, मी नोकरी धरली, पण काकूनं मेंढरं सोडली नाहीत. कोकणात जाणं झेपेना म्हणून ती या माळाच्या कडेला येऊन राहिली होती. बाई उंच, काटक, आणि आवाज असा की या टेकडीवरून हाळी दिली तर त्या टेकडीवरचं मेंढरू मान वर करतं.

ग्रामसभेत ती उभी राहिली. सगळ्यांसमोर तिनं मलाच धरलं.

"का रं नाम्या, माझी मेंढरं आता काय प्लेटा चावत्याल का?"

सभा हसली. मी काही बोलायच्या आत आमच्या मॅडम उठल्या. मॅडम म्हणजे आमच्या ज्युनिअर इंजिनिअर, लातूरकडच्या, वयानं माझ्या लेकीएवढ्या. त्या म्हणाल्या, "आजी, प्लेटांखाली गवत वाढतं. ते वाढलं की प्लेटांवर सावली पडते, मग वीज कमी होते. कंत्राटदार म्हणतोय औषध मारून गवत जाळू. मी म्हणते, तुमची मेंढरं असताना औषध कशाला?"

काकूनं मॅडमना खालून वर न्याहाळलं. मग म्हणाली, "म्हंजे तुमी माझ्या मेंढरांना नोकरी देताय व्हय?"

"कायमची," मॅडम म्हणाल्या.

एवढ्यावर ती राजी झाली, असं समजू नका. कुंपणाला मेंढरांसाठी फाटक पाहिजे, पाण्याची टाकी पाहिजे, प्लेटा मेंढराच्या पाठीला लागणार नाहीत एवढ्या उंच पाहिजेत, हे सगळं तिनं ठरावात घालून घेतलं. एक गोष्ट मात्र ती सांगायला विसरली. मेंढपाळाच्या कळपात शेळी असतेच. तिच्याकडंही चांदी नावाची एक शेळी होती, आणि मेंढरू जमिनीवर चरतं, पण शेळीला उंचावर चढल्याशिवाय चैन पडत नाही. माळावर काम संपल्याच्या दुसऱ्याच दिवशी चांदी प्लेटेवर उभी राहून सगळ्या शिवाराकडं बघत होती. कंत्राटदाराचा माणूस खालून हातवारे करत नाचत होता. काकू म्हणाली, "तिला उतरवायला जाऊ नगंस, ती आनखी वर जाईल." त्या दिवसापासून चांदी घरी दावणीला आणि मेंढरं नोकरीवर.

दिवसाची लाइट सुरू झाली त्या सकाळी सबस्टेशनात पेढे आले. मॅडमनी ब्रेकरला हळदकुंकू वाहिलं. मी ब्रेकर लावला. विजेची ओढ दाखवणारा काटा वर गेला, गेला, गेला आणि धाड! ट्रिप.

पहिल्या दिवशी असं होतं, म्हणून मी पुन्हा लावला. पुन्हा धाड. दुपारपर्यंत मी ब्रेकर लावत होतो आणि तो पडत होता. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी शिवारातल्या दोन डीपींचे, म्हणजे खांबांवरच्या छोट्या ट्रान्सफॉर्मरांचे, फ्यूज उडाले, आणि लोकांच्या तोंडाला कुलूप राहिलं नाही. "ढग आलं की लाइट जाते," म्हणे. "सोलरची लाइट कच्ची असती," म्हणे. अरे, आभाळ कोरडं ठणठणीत होतं! आणि प्लेटांची वीज काय न शिजलेली भाजी आहे का कच्ची राहायला?

कारण मला पहिल्याच धक्क्यात कळलं होतं. मोटार एकदा फिरायला लागली की शांत असते, पण सुरू होताना ती कितीतरी पट वीज ओढते. पूर्वी शिवाराचे दोन भाग होते, म्हणून एका वेळी निम्म्याच मोटारी लागायच्या. आता ऊन सगळ्यांना एकदमच येतं, म्हणून सगळं शिवार एकाच वेळी चालू. त्यात प्रत्येक मोटारीला ऑटो. ऑटो म्हणजे स्टार्टरच्या पेटीला जोडलेलं छोटंसं यंत्र. लाइट आली की ते आपोआप मोटार सुरू करतं, माणसाला विहिरीवर जावं लागत नाही. मी ब्रेकर लावला की त्याच क्षणाला शिवारातल्या झाडून सगळ्या मोटारी एकदम उठत होत्या. एवढा धक्का कुठला फीडर सोसणार?

आम्ही आधीच गावोगाव सांगितलं होतं, ऑटो काढा. सगळ्यांनी मान हलवली होती. "काढला की भाऊ!" असं प्रत्येक जण छातीवर हात ठेवून सांगत होता.

वरचे साहेब तिसऱ्या दिवशी आले. शांत माणूस, पण स्पष्ट. म्हणाले, "सोमवारी मी स्वतः इथं बसतो. सोमवारी फीडर टिकला नाही, तर शिवाराचे पुन्हा दोन भाग करायचे. निम्मे दिवसा, निम्मे रात्री. डीपी जाळत बसायला आपल्याकडं डीपी नाहीत."

माझ्या डोळ्यांसमोर सुनंदा वहिनी आल्या. हंगाम संपत आला होता.

मॅडम आणि मी शिवारात निघालो, विहिरीमागून विहीर. पेटी उघडायची आणि बघायचं. काय सांगू तुम्हाला! एकानं ऑटोवर पोतं टाकलं होतं. एकानं बायकोच्या जुन्या लुगड्याच्या धडप्यात बाळ गुंडाळावं तसा गुंडाळून ठेवला होता. माझ्या सख्ख्या भावानं पेटीला कुलूप लावून किल्ली हरवली म्हणून सांगितलं, आणि किल्ली त्याच्या करगोट्याला लोंबत होती. प्रत्येकाचं म्हणणं एकच, "माझ्या एकट्याच्या ऑटोनं काय व्हतंय राव?"

मी तोंड सोडलं. माझ्या तोंडाची ख्याती दोन तालुक्यांत आहे. मॅडम म्हणाल्या, "काका, थोडं हळू." मी म्हणालो, "हळू बोलून यांना ऐकू येत असतं तर मी सरकारी नोकरीत कशाला आलो असतो? कीर्तनकार झालो असतो."

शेवटी सुनंदा वहिनींच्या विहिरीवर आलो. ती चार घरांची सामाईक विहीर. वहिनींची पेटी उघडली. ऑटो जागच्या जागी.

मी मॅडमकडं बघितलं. वहिनींनी पदर कंबरेला खोचला.

"बघा, खुशाल बघा. मीच बसवलाय. भाऊ, त्या रात्रीपासनं मी हा ऑटो आईच्या पदरासारखा धरलाय. लाइट आली की मोटार आपली चालू व्हते, अंधारात विहिरीवर जावं लागत न्हाई. तुमी म्हणता काढा. काढते. आन सोमवारी तुमची दिवसाची लाइट गेली, तर रात्री विहिरीवर कोन जानार? तुमी याल?"

खरी गोम इथं होती. लोक खोटारडे नव्हते, लोक घाबरलेले होते. दिवसाची लाइट टिकेल यावर कुणाचा भरवसा नव्हता, म्हणून ऑटो निघत नव्हता. आणि ऑटो निघत नव्हता, म्हणून दिवसाची लाइट टिकत नव्हती. वर्षानुवर्षं आम्ही वीज दिली आणि घालवली, त्यात आमच्या शब्दाची किंमत जी काय राहिली होती ती त्या पेटीत दिसत होती.

मॅडम म्हणाल्या, "ताई, मी खोटं बोलणार नाही. सोमवारी टिकली नाही तर रात्रीची परत येईल. पण ऑटो राहिले तर ती शंभर टक्के येईल."

वहिनी विहिरीच्या काठावर बसल्या. मग उठल्या, पेटीतला खटका पाडला, मला म्हणाल्या, "पकड द्या." तारा सोडवल्या, ऑटो हातात घेतला आणि माझ्या हातावर ठेवला.

"न्या. पन आज संध्याकाळी देवळात सगळ्यांना बोलवा. मी बोलनार हाय."

संध्याकाळी देवळाचा सभामंडप भरला. मॅडमनी तोडगा मांडला. ऑटो काढायचे आणि मोटारी हातानं, वाडीवाडीनं, थोडं थांबत थांबत लावायच्या. सगळ्यांना दिवसाचे पूर्ण तास मिळतील, फक्त सुरू करताना रांग. त्यासाठी व्हॉट्सॲपचा ग्रुप करू, मी मेसेज टाकेन, असं त्या म्हणाल्या.

"मॅडम, आमच्या ग्रुपवर सकाळी सगळे फुलांचे फोटो टाकतात," मागून कुणीतरी म्हणालं. "त्यात तुमचा मेसेज कुठं घावायचा?"

"आन विहिरीवर रेंज कुठंय?" दुसरा म्हणाला.

हशा झाला आणि सभा विस्कटायला लागली. तेव्हा सुनंदा वहिनी उठल्या. बाई सभेत बोलली की आमच्याकडे पुरुष लगेच तंबाखू मळायला घेतात. पण त्या दिवशी कुणी चंची उघडली नाही.

"आमच्या विहिरीवर चार घरं हायेत," वहिनी म्हणाल्या. "त्यातली दोन एकमेकांशी बोलत न्हाईत. कोर्टात दावा चालू हाय. तरी पाण्याची पाळी कदी चुकली का? पाळी संपली की मोटार बंद करायची आन पुढच्याला हाक द्यायची. हाक दिल्याबिगर पाळी सुटत न्हाई, त्यानं 'ओ' दिल्याबिगर लागत न्हाई. भांडान असलं तरी हाक चुकत न्हाई. आपल्या बापजाद्यांनी घालून दिलंय ते. मग पाण्याला जमतंय ते लाइटीला का नाय जमनार? पहिली वाडी मोटारी लावंल, हाक दिल. दुसरी 'ओ' दिल आन लावंल. तिच्या पुढची तिच्यानंतर. मी माझा ऑटो ऑपरेटर भाऊंच्या हातात दिलाय. माझ्या जिवाची भीती मी त्यांच्या हातात दिली. तुमाला तुमचा दिता येत न्हाई का?"

ही गोष्ट बाहेरच्या माणसाला लहान वाटेल. पण आमच्याकडे विहिरीवरची हाक म्हणजे शपथ. ती मोडणाऱ्याला गावात कुणी मुलगी देत नाही.

"वाड्या लांब हायेत," माझा भाऊ म्हणाला. "एका वाडीची हाक दुसऱ्या वाडीला कशी जायची?"

तेव्हा खांबाला टेकून बसलेली ठकूकाकू खाकरली. "मी सकाळी माळावरच असते की," ती म्हणाली. "तिथनं सगळ्या वाड्या दिसत्यात. ज्याचं झालं त्यानं डोक्याचं टापर सोडून हलवावं, पुढच्याला हाळी मी देते. मेंढरं ऐकत्यात, तुमी न्हाई ऐकनार व्हय?"

सभा खदखदून हसली. माझ्या भावानं उठून करगोट्याची किल्ली सोडली आणि माझ्याकडं फेकली. पुढचे दोन दिवस लोक सबस्टेशनात येऊन ऑटो टाकत होते. माझ्या टेबलाखाली पोत्यानं ढीग लागला.

सोमवार उजाडला. साहेब आले, खुर्ची ओढून माझ्या शेजारी बसले. मी ब्रेकर लावला.

काटा जागचा हलला नाही.

"वीज गेलीये की काय?" साहेब म्हणाले.

"नाही साहेब. अजून कुणी मोटारच लावली नाही."

हे वाक्य मी नोकरीत पहिल्यांदाच उच्चारत होतो. लाइट आहे आणि सगळं शिवार थांबलंय! मग काटा थोडा वर चढला आणि स्थिर झाला. पहिली वाडी. तिकडं माळावर काकूची हाळी गेली असणार. मला ती ऐकू येत नव्हती, पण काट्यावर दिसत होती. पुन्हा एक पायरी. पुन्हा थोडी थांबून एक. साहेब घड्याळाकडं बघायचे विसरले. चौथ्या वाडीला काटा जरा जास्तच उसळला. कुणीतरी घाई केली होती. ट्रान्सफॉर्मर गुरगुरला, पण ब्रेकर टिकला.

तेवढ्यात मॅडमचा माळावरून फोन आला. त्या हसत होत्या की रडत होत्या मला कळेना. "काका, आजी काय हाळी देतात! वाड्यावाड्यांतून 'ओ' येतोय. शेवटची वाडी लागली. पाणी चालू झालं सगळीकडे!"

मी साहेबांकडं बघितलं. काटा जिथं पोचायचा तिथं पोचला होता आणि तिथंच खिळून राहिला होता. त्या क्षणी मी काय केलं, सांगतो. टेबलावर जोरात हात आपटला आणि "शाब्बास रे माझ्या वाघांनो!" असं ओरडलो. वाघ म्हणायला नको होतं, आमच्याकडं तो शब्द जपून वापरतात. साहेब हसले. दुपारी ढग आले आणि गेले, काटा हलला नाही. कारण ढगाच्या वेळी बाकीच्या देशाचं ऊन मोठ्या लाइनीवरून आमच्याकडं येत होतं आणि ढग गेला की आमच्या माळाचं ऊन तिकडं जात होतं. उठताना साहेब एवढंच म्हणाले, "दिवसाचंच चालू ठेवा. मी वर कळवतो."

पुढं ही हाकेची पद्धत आजूबाजूच्या शिवारांनी उचलली. महाळुंगे पडवळच्या बाजूनं लोक बघायला आले, कळंबकडून आले. त्यांच्याकडं काकूसारखा आवाज नव्हता, म्हणून कुणी भोंगा लावला, कुणी देवळाची घंटा. आता तर नवीन यंत्रं येतायत जी मोटारी आपोआप पाळीपाळीनं लावतात. सबस्टेशनांतही ऑपरेटर राहायचा नाही म्हणतात, दुरूनच सगळं चालेल. चालू दे. मला त्याची थोडी हळहळ वाटते, पण खुर्ची गेली म्हणून कुणी रडत नाही. कुंपणातला माळ मात्र काकूला अजून खुपतो. "चरायला हाय, पन पळायला न्हाई," असं ती मेंढरांबद्दल म्हणते, आणि ते खरंच आहे.

त्या सोमवारी ड्युटी संपल्यावर मी घरी गेलो नाही. पेढ्यांचा पुडा घेतला आणि सरळ सुनंदा वहिनींच्या घराकडं निघालो. वाटेत मनात भाषण जुळवत होतो. साहेब काय म्हणाले, कसे म्हणाले, काटा कसा चढला, सगळं साग्रसंगीत सांगायचं होतं. नुकताच दिवस मावळला होता. रात्रीची पाळी असली की या वेळेला ती बाई बॅटरी, काठी आणि डबा घेऊन पाण्यावर जायच्या तयारीत असायची.

दारात सासू बसली होती. मी अंगणातूनच आवाज चढवला, "ओ वहिनी! बाहेर या!"

म्हातारीनं दोन्ही हात हलवले. "हळू बोल रं बाबा, हळू. झोपलीय ती."

"आत्ताच? अजून चूल पेटायची वेळ!"

"पानी दिऊन दुपारीच आली. भाकरी खाल्ली आन पडली. मी दोनदा जाऊन बघून आले, नुसती गाढ. एवढ्या वर्षांत अशी झोपलेली मी तिला बघितली न्हाई." म्हातारीनं डोळ्यांना पदर लावला. मग म्हणाली, "काय निरोप व्हता? लाइटीचं काय झालं? उठवू का तिला?"

मी उंबऱ्यावर पेढ्यांचा पुडा ठेवला. दोन तालुक्यांत ख्याती असलेल्या माझ्या तोंडातून जेमतेम आवाज निघाला.

"नको आत्या," मी म्हणालो. "झोपू द्या."